साध्या मजकुराच्या फाइली आणि खुल्या पद्धतीने सॉफ्टवेअर घडवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुक्त स्रोत प्रकल्पांत भाषांतर, शब्दयादी, दस्तऐवज किंवा कोड घेऊन नव्याने सामील होणाऱ्या मराठी भाषकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. शक्य तिथे उदाहरणे मराठीच्या कामातली घेतली आहेत, कारण देवनागरी मजकुरावर काम करताना काही अडचणी अशा येतात की ज्या रोमन लिपीत काम करणाऱ्याच्या ध्यानातही येत नाहीत.

साधा मजकूर म्हणजे नेमके काय?

ज्या फाइलमध्ये अक्षरांच्या संकेतांखेरीज दुसरे काहीही साठवलेले नसते, ती साध्या मजकुराची फाइल. ठळक अक्षरे, रंग, फॉन्ट, समासाची मापे यांपैकी काही तिच्यात लपलेले नसते, त्यामुळे ती नोटपॅडमध्ये उघडा, विममध्ये उघडा किंवा ईमॅक्समध्ये, तीच अक्षरे त्याच क्रमाने समोर येतात. मथळा किंवा ठळक शब्द दाखवायचा असेल तर तोही अक्षरांनीच दाखवतात. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मांडलेली मार्कडाउन ही खुणांची पद्धत त्यासाठी सर्वांत जास्त वापरली जाते.

कोणते अक्षर कोणत्या बाइटांनी लिहायचे याचा आजचा सर्वमान्य संकेत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी तो सप्टेंबर १९९२ मध्ये आखला आणि त्याची रचना अशी ठेवली की आस्की या फक्त इंग्रजी अक्षरांच्या जुन्या संकेतातल्या फाइली एकही बाइट न बदलता वैध यूटीएफ-८ ठरतात. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी ५ चिन्हे आहेत, म्हणून हा शब्द १५ बाइटांचा होतो.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. छपाईच्या कामासाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या अनेक मराठी फॉन्टांत टंकलेला मजकूर प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या संकेतांत साठवलेला असतो आणि तो फॉन्ट त्या संकेतांना केवळ देवनागरी आकार देतो. फॉन्ट बदलला की मजकूर निरर्थक होतो. असे साहित्य प्रकल्पात घेण्यापूर्वी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतल्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या संकेतात, उतरवून, एकदा माणसाच्या नजरेखालून घालणे अत्यावश्यक आहे.

वर्ड किंवा एक्सेलची फाइल एकमेकांना पाठवून काम भागत असताना ही पद्धत कशासाठी?

दोघांत-तिघांत, ओळखीच्या माणसांत आणि थोड्या दिवसांपुरते काम असेल तर तसे भागते. खुल्या प्रकल्पात मात्र बदल पाठवणारी व्यक्ती अनोळखी असते आणि तो बदल तपासणाऱ्याला नेमके काय बदलले एवढेच, पण पूर्णपणे, दिसायला हवे असते. वर्डची आजची फाइल म्हणजे आतून झिप केलेल्या अनेक एक्सएमएल फाइलींचा गठ्ठा असतो. तिच्यात एक काना दुरुस्त केला तरी बाहेरून संपूर्ण फाइल बदललेली दिसते आणि आवृत्तीनियंत्रण करणारे, म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे, साधन फार तर ‘दोन फाइली वेगळ्या आहेत’ एवढेच सांगू शकते.

तक्त्यांच्या सॉफ्टवेअरचा धोका आणखी वेगळा आहे, कारण ते न विचारता मजकूर बदलते. मानवी जनुकांच्या काही नावांचे ते तारखांत रूपांतर करत असे आणि ही चूक संशोधकांच्या प्रसिद्ध झालेल्या तक्त्यांतही शिरली. अखेर जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये, सप्टेंबर आणि मार्च महिन्यांसारखी दिसणारी ती नावेच बदलली.

बदल वाचायचा कसा?

दोन आवृत्त्यांतला फरक ओळीओळीने दाखवणाऱ्या साधनाचे नाव डिफ. बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकइलरॉय यांनी ते युनिक्स या कार्यप्रणालीसाठी १९७४ च्या सुमारास तयार केले. त्याचा निकाल असा दिसतो :

 पुस्तक परत करण्याची मुदत संपली आहे.
-कृपया ग्रंथालयाशी संपर्क करा.
+कृपया ग्रंथालयाशी संपर्क साधा.
 मुदतवाढ हवी असल्यास खालील बटण दाबा.

वजाचे चिन्ह असलेली ओळ गेली, अधिकचे चिन्ह असलेली आली आणि चिन्ह नसलेल्या ओळी केवळ संदर्भासाठी आहेत. या संदर्भाच्या ओळींचे महत्त्व मोठे आहे. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये पॅच हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला, तो या ओळींच्या आधारे बदलाची जागा शोधतो. त्यामुळे मधल्या काळात फाइलच्या सुरुवातीला दुसऱ्या कोणी वीस ओळी घातल्या असल्या तरी आपला बदल योग्य ठिकाणी जाऊन बसतो. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे एकाच फाइलवर काम करू शकतात, ती या साध्या युक्तीमुळे. डिफ हाच खुल्या सहकार्याचा गाभा आहे असे मी मानतो, आणि पुढची बहुतेक उत्तरे ‘आपला डिफ दुसऱ्याला नीट वाचता यावा’ या एकाच हेतूने दिलेली आहेत.

ओळी कुठे तोडाव्यात?

कोडमध्ये हा प्रश्न फारसा येत नाही, कारण तिथे ओळीला अर्थ असतो. गद्यात मात्र येतो आणि नवे लोक इथेच सर्वाधिक अडखळतात. संपूर्ण परिच्छेद एकाच लांब ओळीत लिहिला, तर त्यातला एक शब्द बदलल्यावर डिफमध्ये सगळा परिच्छेद एकदा वजा होऊन आणि एकदा अधिक होऊन येतो, आणि तपासणाऱ्याला दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवून फरक हुडकावा लागतो. उलट, ठरावीक अक्षरसंख्येनंतर ओळ तोडण्याची सवय असेल, तर पहिल्या ओळीत एक शब्द वाढवल्यावर पुढच्या सगळ्या ओळी सरकतात आणि बदल नसलेला मजकूरही बदललेला दिसू लागतो.

यावरचा उपाय जुना आणि अगदी सोपा आहे : प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करावे आणि वाक्य लांब असेल तर स्वल्पविरामापाशी किंवा उभयान्वयी अव्ययापाशी ओळ तोडावी. ब्रायन कर्निघन यांनी १९७४ मध्येच युनिक्सच्या नव्या वापरकर्त्यांना हा सल्ला दिला होता. मार्कडाउन अशा सलग ओळी जोडून परिच्छेद बनवते, त्यामुळे वाचकाला काहीच फरक पडत नाही. मराठीत या सवयीचा आणखी एक लाभ मला जाणवला आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्याने वाक्य किती लांबले आहे आणि कर्ता क्रियापदापासून किती दूर गेला आहे, हे एका ओळीवर एक वाक्य असले की चटकन दिसते.

दोघांनी एकाच वेळी तीच ओळ बदलली तर काय होते?

साधन निर्णय माणसावर सोपवते. फाइलमध्ये दोन्ही पर्याय खुणांसह एकाखाली एक येतात :

<<<<<<< आपली प्रत
फाइल जतन करा
=======
फाइल साठवा
>>>>>>> आलेला बदल

यांतला एक पर्याय ठेवावा किंवा तिसराच लिहावा, खुणांच्या तिन्ही ओळी पुसाव्यात आणि फाइल पुन्हा नोंदवावी. यालाच कॉन्फ्लिक्ट म्हणतात. नवख्यांना त्याची भीती वाटते, पण आपल्या नकळत कुणाचे काम पुसले जाऊ नये यासाठीच तो समोर येतो.

टाळता येण्याजोगे कॉन्फ्लिक्ट मात्र टाळावेत. लिबरऑफिस आणि फायरफॉक्समध्ये शुद्धलेखन तपासणारे हन्स्पेल याचे उत्तम उदाहरण आहे. त्याची शब्दयादी साध्या मजकुराची असते; पहिल्या ओळीत शब्दांची संख्या आणि त्यानंतर दर ओळीला एक शब्द. आता एकीने तीन शब्द घातले, दुसऱ्याने पाच घातले आणि दोघांनी प्रामाणिकपणे पहिल्या ओळीतली संख्याही वाढवली, तर शब्द निरनिराळ्या जागी असूनही पहिल्या ओळीवर टक्कर होते. ती संख्या अदमासे असली तरी हन्स्पेलला चालते, म्हणून ती दर वेळी न बदलता प्रकाशनाच्या वेळी एकदाच बदलावी. त्याचप्रमाणे नवे शब्द यादीच्या तळाशी न घालता क्रमानुसार जागी घालावेत, कारण तळाची जागा सर्वांचीच असते आणि तिथे टक्कर ठरलेली असते.

हा क्रम कोणता, हेही आधी लिहून ठेवावे. संगणकाच्या संकेतक्रमात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो आणि क्ष हा क च्या पोटात जातो. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. दोन्हींपैकी कोणताही क्रम चालेल, पण निम्मी यादी एका क्रमाने आणि निम्मी दुसऱ्या क्रमाने असली की कुणालाच शब्द सापडत नाही.

दिसायला अगदी सारखा असलेला शब्द शोधात का सापडत नाही?

मराठीत काम करणाऱ्यांनी हा प्रश्न सर्वांत आधी समजून घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ‘वाऱ्यावर’ या शब्दातला अर्धा र घ्या. तो दोन प्रकारे टंकता येतो : एकतर नुक्त्याचा ऱ आणि त्याला हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, संगणकासाठी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. एका शब्दयादीवर काम करताना ‘दुसऱ्या’ हा शब्द यादीत आहे की नाही हे मी शोधून पाहिले, तो मिळाला नाही, म्हणून घातला. आणि काही दिवसांनी तपासणाऱ्या सहकाऱ्याने विचारले की हा शब्द चौदा ओळी वर आधीच असताना पुन्हा का घातला. दोन्ही ओळी मी डोळ्यांनी कितीही वेळ पाहिल्या असत्या तरी फरक कळला नसता. बाइट उघडून पाहिल्यावर कळला.

हीच गत ‘ॲप’ची आहे. त्यातला ॲ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या मजकुरात तो अ आणि त्यावर चंद्र असा जोडून लिहिलेला असतो आणि काही कळफलक अजूनही तसाच उमटवतात.

युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एका रूपात आणण्याची ठरलेली रीत, वापरले की सगळे सुटेल, असे पुष्कळांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. र आणि सुटा नुक्ता असे लिहिलेले असेल तर प्रमाणीकरण त्याचा एकसंध ऱ करते, पण वर सांगितलेल्या जोडचिन्हाच्या रूपाला किंवा अ-आणि-चंद्राला ते हात लावत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ती रूपे एकमेकांशी समान नाहीत. म्हणून प्रकल्पाने स्वतः एक रूप ठरवावे, योगदानाच्या नियमांच्या फाइलमध्ये ते स्पष्ट लिहावे आणि बदल स्वीकारण्यापूर्वी दुसरे रूप आढळल्यास थांबवणारी छोटी तपासणी ठेवावी. ही तपासणी लिहायला दहा ओळी पुरतात. तिच्याअभावी शब्दयादीत साचलेली दुहेरी रूपे निवडून काढायला मात्र कित्येक दिवस जातात.

गिट शिकल्याशिवाय हे काम करता येणार नाही का?

करता येते. लिनस टॉरवल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या कार्यप्रणालीची वार्ता जगाला दिली आणि त्यानंतर २००२ पर्यंत लिनक्सचा गाभा मुख्यतः ई-मेलने येणाऱ्या पॅचांवर, म्हणजे डिफच्या रूपात पाठवलेल्या बदलांवर, वाढला. गिट हे आवृत्तीनियंत्रणाचे साधन त्यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतले. आजही त्या प्रकल्पात पॅच साध्या मजकुरातल्या ई-मेलने, जोडपत्राशिवाय पाठवावा लागतो, म्हणजे तपासणाऱ्याला त्यातली नेमकी ओळ उद्धृत करून तिच्याखाली उत्तर लिहिता येते. तरीही गिटच्या पाच-सहा आज्ञा शिकून घ्याव्यात. एका दुपारचे काम आहे. देवनागरी नावांच्या फाइली गिट सुरुवातीला आकड्यांच्या रांगेसारख्या दाखवते. त्याने गोंधळू नये, ‘कोटपाथ’ ही मांडणी बंद केली की नावे नीट दिसतात.

बदलाच्या नोंदीत काय लिहावे?

काय बदलले ते डिफ सांगतोच. का बदलले, हे नोंदीने सांगावे. ‘दुरुस्ती’ किंवा ‘बदल केले’ अशी नोंद सहा महिन्यांनी खुद्द लिहिणाऱ्यालाही उपयोगी पडत नाही. त्याऐवजी, ‘संपर्क करा ऐवजी संपर्क साधा : इतर सर्व पडद्यांवर हाच प्रयोग आहे, एकवाक्यता राखण्यासाठी’ असे लिहिले तर पुढे कुणी ते पुन्हा उलट करू लागल्यास त्याला कारण सापडते. एका नोंदीत एकच गोष्ट असावी. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या, शब्दांची निवड आणि ओळींची नवी मांडणी एकाच नोंदीत घातली, तर मांडणीच्या गर्दीत शब्दांचा बदल हरवतो आणि तपासणारा नाइलाजाने न वाचताच मान्यता देतो.

कोड सर्वांसाठी ठेवला म्हणजे प्रकल्प खुला झाला का?

तेवढ्याने होत नाही. निर्णय बंद दाराआड होत असतील आणि बाहेर केवळ तयार कोड येत असेल, तर बाहेरच्या माणसाला तो वापरता येतो, पण घडवण्यात वाटा घेता येत नाही. इंटरनेटच्या घडणीचा इतिहास येथे मार्गदर्शक आहे. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवर काम करणाऱ्या तरुणांच्या गटात स्टीव्ह क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ रोजी एक टिपण लिहिले आणि त्याला अधिकारवाणीचे नाव न देता ‘अभिप्रायासाठी विनंती’ असे नाव दिले. सुरुवातीची ही टिपणे कागदावर फिरली. नंतर ती साध्या मजकुरात उतरवली गेली आणि पुढे कित्येक दशके, ७२ अक्षरांची ओळ आणि ५८ ओळींचे पान या मर्यादेत, इंटरनेटचे नियम त्याच साध्या मजकुरात प्रसिद्ध होत राहिले. पहिले टिपण आजही कोणत्याही संगणकावर उघडून वाचता येते.

पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेने २००० पासून हीच रीत आपल्या पद्धतीने चालवली आहे. भाषेत मोठा बदल सुचवायचा तर साध्या मजकुरात प्रस्ताव लिहावा लागतो, त्यात नाकारलेल्या पर्यायांसाठी स्वतंत्र भाग असतो आणि फेटाळलेले प्रस्तावही जपून ठेवले जातात. मराठी भाषांतराच्या प्रकल्पांनी हे जरूर उचलावे. ‘डाउनलोड’ला ‘उतरवून घ्या’ म्हणायचे की ‘डाउनलोड करा’, हा वाद दर दोन वर्षांनी नव्या माणसांसह पुन्हा सुरू होतो. मागच्या वेळी कोणते पर्याय समोर होते आणि ते का सोडले, याची दहा ओळींची फाइल शब्दसंग्रहाच्या शेजारी असेल तर चर्चा मागच्या टप्प्यापासून पुढे सुरू होते.

परवान्याची फाइल खरोखर आवश्यक आहे का?

होय. भारतात १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि हक्क निर्मितीबरोबरच आपोआप मिळतो. म्हणून परवाना न लावता कोड सर्वांना दिसेल असा ठेवला, तर लोकांना तो वाचता येईल, पण बदलून वाटण्याची परवानगी मिळणार नाही. जीपीएल, एमआयटी, अपाचे यांपैकी कोणताही प्रचलित परवाना निवडावा आणि त्याचा मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवावा. स्वतःच्या शब्दांत परवाना लिहू नये.

अर्धवट काम सर्वांसमोर ठेवायला संकोच वाटतो. काय करावे?

हा संकोच स्वाभाविक आहे आणि तो कुणी हिणवू नये. फाइलच्या पहिल्या ओळीत ‘मसुदा : रचना ठरली आहे, शब्द ठरलेले नाहीत’ असे स्पष्ट लिहावे. वाचणाऱ्याला कशावर मत द्यायचे ते कळते आणि आपल्यालाही नको त्या वेळी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ऐकाव्या लागत नाहीत.

सगळे वाचता येते म्हणजे ते सुरक्षित असते का?

वाचता येणे आणि कुणीतरी प्रत्यक्ष वाचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. टोपणनावाने वावरणाऱ्या एका व्यक्तीने सुमारे दोन वर्षे नेटाने काम करून, थकलेल्या मूळ देखभालकर्त्याचा विश्वास मिळवून तो घातला होता. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरस्थ संगणकावर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे जाणवले आणि त्यांनी त्या विलंबाचा माग काढला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हे की घातक भाग कुठे लपवला होता. तो वाचता येणाऱ्या कोडमध्ये नव्हता. चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या, डिफमध्ये न उलगडणाऱ्या बायनरी, म्हणजे साधा मजकूर नसलेल्या, फाइलींत होता आणि त्याला जागे करणारी ओळ फक्त प्रकाशनाच्या गठ्ठ्यात होती, गिटच्या रेपोत, म्हणजे प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांचा इतिहास असलेल्या साठ्यात, नव्हती. म्हणून बायनरी फाइल घ्यावीच लागली तर ती कशी बनवली याची कृती मजकुरात मागावी, आणि प्रकाशनाचा गठ्ठा रेपोतूनच, कुणालाही पुन्हा बनवून पडताळता येईल असा तयार करावा. साधा मजकूरही सर्वस्वी निर्धोक नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की लेखनाची दिशा बदलणारी अदृश्य युनिकोड चिन्हे घालून कोड वाचणाऱ्याला एक आणि संगणकाला दुसराच दाखवता येतो. अशी चिन्हे पकडणारी तपासणी ठेवावी. मात्र ती करताना देवनागरीला लागणारे जोडचिन्ह सरसकट अडवले जाणार नाही याची काळजी मराठी प्रकल्पांनाच घ्यावी लागेल.

चुकून पासवर्ड नोंदवला गेला. पुढच्या नोंदीत तो पुसला तर चालेल का?

नाही, तो इतिहासात तसाच राहतो. प्रथम तो पासवर्ड रद्द करून नवा घ्यावा, इतिहासाची साफसफाई नंतर.

मला प्रोग्रामिंग येत नाही. सुरुवात कुठून करू?

भाषांतराच्या पीओ फाइलपासून. तिच्यात प्रत्येक मूळ वाक्याखाली त्याच्या भाषांतराची ओळ असते आणि ती कोणत्याही साध्या संपादकात उघडते. प्रथम ‘फझी’ अशी खूण असलेल्या नोंदी शोधाव्यात. मूळ वाक्य बदलल्यामुळे त्यांचे जुने भाषांतर शंकास्पद ठरलेले असते आणि कुणी तपासून खूण काढेपर्यंत ते वापरकर्त्याला दिसतच नाही. एक नोंद वाचून, दुरुस्त करून, खूण काढून पाठवणे हे पहिले योगदान म्हणून पुरेसे आहे. मराठीसाठी एकवचन आणि अनेकवचन अशा दोन ओळी भराव्या लागतात, ‘फाइल’ आणि ‘फाइली’. टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या जागा पुसू नयेत, कारण तिथे चालू प्रोग्रॅम संख्या किंवा नाव भरतो. ‘3 of 10 files’ या इंग्रजी वाक्यात आधी ३ आणि मग १० येतात, मराठीत मात्र आपण ‘१० पैकी ३ फाइली’ म्हणतो. अशा वेळी टक्क्याच्या चिन्हानंतर त्या जागेचा मूळ क्रमांक आणि डॉलरचे चिन्ह लिहिले की क्रम उलटवता येतो. मूळ वाक्यात असे क्रमांक नसले तरी भाषांतरात ते घालता येतात, पण घालायचे तर त्या वाक्यातल्या सर्व जागांना घालावेत.